‘सिंक्रेटिक’चा अर्थ आणि आपली सामाईक विहीर

नगरच्या एका अभ्यासिकेत परवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत बसलो होतो. इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा उतारा घ्यायचा, अवघड शब्दांखाली रेघ मारायची आणि अर्थ वहीत उतरवायचे, हा त्यांचा रोजचा रियाज. त्या दिवशीचा उतारा आपल्याच जिल्ह्यातल्या देवस्थानांबद्दल होता आणि त्यात ‘सिंक्रेटिक’ हा शब्द तीन वेळा आला होता. एका मुलीने वहीत अर्थ लिहिला होता, ‘समन्वयवादी’. तिच्या शेजारच्या मुलाने लिहिले होते, ‘मिश्र’. मागच्या बाकावरच्या एकाने घाईत ‘समकालीन’ लिहून टाकले होते. त्याची ‘सिंक्रॉनिक’शी गल्लत झाली होती.

वह्या पाहून झाल्यावर त्या मुलीने विचारले, “सर, यात लिहिलंय की मढीचं ठिकाण सिंक्रेटिक आहे. मग तिथल्या यात्रेत मुसलमानांनी दुकानं लावायची नाहीत, असा ठराव कसा झाला? शब्द चुकलाय की ठराव?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर पटकन देता आले नाही. हा शब्द आपल्याबद्दल वारंवार वापरला जातो. शिर्डीची बातमी असो, हाजी मलंगची असो की कर्नाटकातल्या बाबा बुडनगिरीची, इंग्रजी पत्रकार पहिल्या दोन परिच्छेदांत हा शब्द आणतोच. परीक्षेतही तो विचारला जातो. पण ज्यांच्याबद्दल तो बोलला जातो त्या आपल्यालाच त्याचा नेमका अर्थ ठाऊक नसतो. म्हणून या वेळचे संपादकीय या एका शब्दावर.

क्रीट बेटावरचे भांडखोर लोक

शब्दाचा उगम ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक लेखक प्लुटार्क याने बंधुप्रेमावर एक निबंध लिहिला. त्यात तो क्रीट बेटावरच्या लोकांचा दाखला देतो. हे लोक आपसांत सतत भांडायचे, लढायचे. पण बाहेरून शत्रू आला की भांडण बाजूला ठेवून एक व्हायचे. या वागण्याला ते स्वतःच ‘सिंक्रेटिझम’ म्हणत, असे प्लुटार्क सांगतो. ‘सिन्’ म्हणजे एकत्र, आणि पुढे क्रीटचे नाव. म्हणजे मूळ अर्थात धर्मांची सरमिसळ वगैरे काही नाही. भांडणारे शेजारी गरजेच्या वेळी एका बाजूला उभे राहतात, एवढाच तो अर्थ. आणि त्यात भांडण नाकारलेलेही नाही.

सोळाव्या शतकात इरॅस्मस या युरोपीय विद्वानाने हा विसरलेला शब्द पुन्हा वापरात आणला. सतराव्या शतकात जर्मनीत गेऑर्ग कॅलिक्स्टस नावाच्या ल्युथरपंथी धर्मपंडिताने ख्रिस्ती पंथांनी समान मुद्द्यांवर जवळ यावे, असा आग्रह धरला. त्याच्या विरोधकांनी त्याच्यावर आणि त्याच्या बाजूच्या लोकांवर ‘सिंक्रेटिस्ट’ असा शिक्का मारला. तो कौतुकाचा नव्हता. ‘तुम्ही धर्माची भेसळ करता’ असा तो आरोप होता. याच काळात ग्रीक भाषेतल्या ‘मिसळणे’ या अर्थाच्या, कानाला जवळच्या वाटणाऱ्या एका क्रियापदाशी या शब्दाची सांगड घातली गेली आणि ‘एक होणे’ मागे पडून ‘मिसळणे’ पुढे आले. इंग्रजीत ‘सिंक्रेटिझम’ हे नाम सतराव्या शतकात दिसते. ‘सिंक्रेटिक’ हे विशेषण एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. नंतर धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी तो तटस्थ संज्ञा म्हणून घेतला आणि आपल्याकडे येईपर्यंत तो चक्क शाबासकीचा शब्द झाला.

वहीत लिहिताना म्हणून एवढे लक्षात ठेवा. उच्चार ‘सिन्-क्रे-टिक’, जोर मधल्या ‘क्रे’वर. नाम ‘सिंक्रेटिझम’, व्यक्ती ‘सिंक्रेटिस्ट’. आजचा ढोबळ अर्थ : वेगवेगळ्या धर्मांच्या किंवा विचारांच्या श्रद्धा आणि रीती एकत्र आलेला. ‘एक्लेक्टिक’शी गल्लत करू नका, तिथे माणूस जाणीवपूर्वक निवड करतो, आवडेल ते उचलतो. ‘प्लुरल’मध्ये अनेक गोष्टी शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकींत शिरतीलच असे नाही. ‘सेक्युलर’ हा राज्यव्यवस्थेचा गुण आहे, दर्ग्याचा नाही. परीक्षेत या चार शब्दांतला फरक विचारला जातो, आणि सार्वजनिक चर्चेतही सर्वाधिक गोंधळ याच चौघांचा होतो.

व्याकरणातला दुसरा अर्थ

या शब्दाचा एक अर्थ शब्दकोशात खाली, बारीक अक्षरांत असतो. तो भाषाशास्त्रातला आहे आणि आमच्या मते आपल्या कामाचा तोच जास्त आहे. व्याकरणात दोन वेगळी कामे करणाऱ्या शब्दांचे रूप एकच झाले की त्यालाही ‘सिंक्रेटिझम’ म्हणतात.

मराठीतले उदाहरण घ्या. ‘तो जातो’ आणि ‘त्याने भाकरी खाल्ली’. कर्ता एकच, पण रूप बदलले : तो, त्याने. आता ‘मी जातो’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’. इथे रूप बदलत नाही; दोन्हीकडे ‘मी’च. जुन्या मराठीत दुसऱ्या वाक्यासाठी ‘म्यां’ असे वेगळे रूप होते. खेड्यात म्हातारी माणसे अजूनही ‘म्या केलं’ म्हणतात. पुढे दोन्ही रूपे एका ‘मी’मध्ये आली. पण म्हणून कामे एक झाली का? नाही. ‘मी’ प्रथमेचा की तृतीयेचा, हे वाक्य सांगते. ‘मी’ अर्धा प्रथमेचा आणि अर्धा तृतीयेचा असतो, असे कुठलाही व्याकरणाचा शिक्षक म्हणणार नाही. तो त्या वाक्यात पूर्ण प्रथमेचा असतो आणि या वाक्यात पूर्ण तृतीयेचा.

हे उदाहरण डोक्यात ठेवून आपल्या जिल्ह्यात एक फेरी मारू.

नगर जिल्ह्याची फेरी

सरकारी कागदावर ऑक्टोबर २०२४ पासून हा अहिल्यानगर जिल्हा आहे. बोलताना मात्र एसटीचा कंडक्टर, वकील आणि भाजीवाला सगळे पूर्वीही ‘नगर’ म्हणत आणि आजही ‘नगर’च म्हणतात. तिथून सुरुवात करू.

नगर शहरात शहा शरीफ यांचा दर्गा आहे. वेरूळचे मालोजी भोसले आणि उमाबाई यांना मूल होत नव्हते, त्यांनी या पीराला नवस केला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकीकत शिवकाळातल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही येते. शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळच्या भातोडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढताना पडले. आता विचार करा, नवसाने मालोजी मुसलमान झाले का? नाही. शहा शरीफ हिंदू झाले का? तेही नाही. भोसल्यांचे कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव होता, तो तसाच राहिला. पीर पीरच राहिला. दोघांच्या मधोमध एक नाते तयार झाले आणि ते मुलांच्या नावांत उतरले.

तिथून श्रीगोंद्याला या. जुने नाव चांभारगोंदे. सोळाव्या-सतराव्या शतकातले मराठी संतकवी शेख महंमद यांचे हे गाव. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत आहे. ‘पवनविजय’ आणि ‘निष्कलंकप्रबोध’ हेही त्यांचेच. गुरू चांद बोधले. मालोजींनी शेख महंमदांना गुरू मानले आणि श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. वारकरी त्यांना संत म्हणून वंदन करतात. कादरी सूफी परंपरेशीही त्यांचे नाव जोडले जाते. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यात शेख महंमदांना मोठी जागा आहे. त्यांच्या लिखाणात कर्मकांडाच्या दिखाऊपणावर, दोन्हीकडच्या, कडक टीका आहे. गोड बोलून सगळ्यांना खूश ठेवणारा हा माणूस नव्हता. आज याच संताच्या जागेच्या व्यवस्थापनावरून आणि नोंदणीवरून वाद पेटला आहे. ही जागा मंदिर की दर्गा, न्यास की वक्फ, असा प्रश्न रस्त्यावर आला आहे.

पुढे पाथर्डी तालुक्यातली मढी. नाथपंथी कानिफनाथांचे मोठे स्थान. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा भरते, रंगपंचमीला गर्दीचा कळस होतो. गाढवांचा बाजार आणि भटक्या जमातींचा मेळा यांसाठी ती राज्यभर प्रसिद्ध आहे. १८८४ च्या मुंबई इलाखा गॅझेटियरचा अहमदनगर खंड उघडलात तर तिथे हेच स्थान ‘शाह रमजान माही सवार’ यांचा दर्गा म्हणून नोंदलेले दिसते, आणि हिंदू त्यांना कान्होबा म्हणतात असेही लिहिलेले सापडते. ‘माही’ म्हणजे फारसीत मासा. माही सवार म्हणजे माशावर स्वार झालेला. एक डोंगर, एक समाधी, दोन नावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेत यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव झाला. बाहेरचे व्यापारी यात्रेच्या रूढी पाळत नाहीत, असे कारण पुढे केले गेले. ठरावाच्या कायदेशीरपणावर प्रश्न उभे राहिले आणि प्रशासनाला त्यात लक्ष घालावे लागले.

आणि शेवटी शिर्डी. साईबाबा पडक्या मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले, तिथे धुनी पेटती ठेवली. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या साईसच्चरितात शिर्डीच्या उत्सवाची हकीकत आहे. १८९७ मध्ये कोपरगावच्या गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने शिर्डीत उरूस भरवायचे ठरले, त्यासाठी सरकारी परवानगी काढली गेली, आणि दिवस निवडला रामनवमीचा. निशाणांची मिरवणूक निघू लागली. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांनी त्याच दिवशी संदल सुरू केला. पुढे १९१२ च्या सुमारास उरुसाला रामजन्माच्या उत्सवाचे रूप आले. संदल मात्र बंद पडला नाही. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. निशाणे वेगळी निघाली, संदल वेगळा निघाला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गावातून, एकाच मशिदीकडे. कोणी संदलावर गुलाल टाकून त्याची पालखी केली नाही.

आता सांगा, या चार ठिकाणांना ‘मिश्र’ म्हणायचे का? मिश्रणात मूळ पदार्थ उरत नाहीत. चहात साखर विरघळली की साखर वेगळी काढता येत नाही. इथे तसे घडलेले नाही. हे आपल्या ‘मी’सारखे आहे. रूप एक, कामे दोन, आणि प्रत्येक काम पूर्ण. कानिफनाथांना नवस बोलणाऱ्या माणसासाठी मढी पूर्ण नाथांची आहे. शाह रमजान यांच्या नावाने फातिहा पढणाऱ्यासाठी ती पूर्ण पीराची आहे. अर्धी-अर्धी कोणाचीच नाही.

शब्दाचे तीन गैरवापर

हे समजले की ‘सिंक्रेटिक’ या शब्दाचा गैरवापर कुठे होतो तेही दिसू लागते.

पहिला गैरवापर कौतुक करणाऱ्यांचा. ‘तुम्ही दख्खनी मुसलमान किती छान, किती सिंक्रेटिक,’ असे आपल्याला सभांमधून ऐकवले जाते. ऐकायला बरे वाटते. पण त्यात एक अट लपलेली असते. मुसलमान चांगला, कारण तो दर्ग्याला जातो, कव्वाली ऐकतो, पूर्ण मुसलमान नाही. मग जो तरुण पाच वेळची नमाज पढतो, दर्ग्यावर चादर चढवणे ज्याला पटत नाही, तो आपोआप संशयित ठरतो. नागरिकाचा हक्क त्याच्या श्रद्धेत किती पाणी घातले आहे यावर अवलंबून नसतो. ज्याचा दर्ग्यावर विश्वास आहे आणि ज्याचा नाही, दोघेही सारखेच नागरिक आहेत.

दुसरा गैरवापर ताबा मिळवू पाहणाऱ्यांचा. ‘हे ठिकाण तर सिंक्रेटिक आहे, मग ते फक्त तुमचे कसे?’ इथपर्यंत प्रश्न रास्त असतो. पण पुढच्या वाक्यात ‘म्हणून ते फक्त आमचे’ असा निष्कर्ष येतो. कल्याणच्या हाजी मलंगगडावर पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट केतकर या ब्राह्मण कुटुंबाकडे आहे. त्यामुळे तो दर्गा दर्गा राहायचा थांबला नाही. तरीही १९८० च्या दशकापासून तिथे ‘मुक्ती’ची आंदोलने होत आली. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. आपल्यातलेही काही विश्वस्त ‘ही आमची खासगी मालमत्ता’ अशा थाटात वागतात. जिथे गावातला निम्मा भाविक हिंदू आहे, तिथे त्याला न विचारता कागद बदलले गेले, तर त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. आपला कागद कायद्याने बरोबर असला तरी शेजाऱ्याशी बोलणे त्याने माफ होत नाही.

तिसरा गैरवापर सरकारी रकान्याचा. रजिस्टरला दोन्ही कामे करणारा ‘मी’ चालत नाही. त्याला ‘तो’ की ‘त्याने’ हे ठरवून हवे असते. १९११ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याने ज्यांना एका धर्मात बसवता येईना अशा गटांना ‘हिंदू-मुहम्मदन’ असे जोडनाव दिले. हे जनगणना आयुक्त गेट यांना पटले नाही; अशा लोकांना जमेल तसे इकडे किंवा तिकडे टाकायला हवे होते, असे त्यांचे मत होते. शंभरहून अधिक वर्षे झाली, रकाने तेच आहेत. जागा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची की वक्फ मंडळाकडे? कायद्यांना एक उत्तर हवे असते. १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्यानेही १५ ऑगस्ट १९४७ रोजी असलेले ‘धार्मिक स्वरूप’ जपण्याची हमी दिली, पण ते स्वरूपच दुहेरी असेल तर काय, हे ज्याने त्याने ओढून घ्यायला मोकळे राहिले. वाद पेटवणाऱ्यांना हीच फट सापडते.

मराठीतला आपला शब्द

मग मराठीत काय म्हणायचे? ‘समन्वयवादी’ म्हटले की वाटते कोणीतरी बसून दोन धर्मांचा समझोता घडवला. शहा शरीफ यांना नवस करणाऱ्या उमाबाईंनी समन्वय केला नव्हता. त्यांना मूल हवे होते. ‘मिश्र’ का चालत नाही ते वर पाहिले. ‘सर्वधर्मसमभाव’ हा मोठा, भाषणातला शब्द आहे.

आमच्या मते नेमका शब्द आपल्या शेतात पडलेला आहे : सामाईक.

पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, सामाईक विहीर म्हणजे काय. आजोबाने खोदलेली विहीर, तीन भावांत वाटणी झाली, जमिनीचे तुकडे पडले, पण विहिरीचे तुकडे पाडता येत नाहीत. सातबाऱ्यावर विहिरीतला हिस्सा नोंदवला जातो. पाण्याच्या पाळ्या ठरतात. सोमवार-मंगळवार थोरल्याचा, पुढचे दोन दिवस मधल्याचा. पाळीच्या दिवशी विहीर ज्याची त्याची पूर्ण असते. मोटारीच्या खर्चावरून कटकटी होतात, गाळ कोणी काढायचा यावरून बोलणे बंद होते, लग्नात एकमेकांच्या मांडवात जात नाहीत. पण भांडण कितीही वाढले तरी शहाणा माणूस विहीर बुजवत नाही. नगरसारख्या दुष्काळी मुलखात विहीर बुजवणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. क्रीटच्या लोकांना एकत्र आणणारा शत्रू समुद्रातून यायचा. आमचा शत्रू पाऊस न पडण्यातून यायचा.

मढी ही सामाईक विहीर आहे. श्रीगोंदाही. पाळ्या आहेत, हिस्से आहेत, भांडणे आहेत. एका हिस्सेदाराने दुसऱ्याची पाळी ठरावाने रद्द करायची म्हटली, तर ती मालकी नव्हे, दांडगाई झाली.

उर्दूत याच अर्थाचा शब्द आहे, ‘मुश्तरका’. मुश्तरका खानदान म्हणजे एकत्र कुटुंब. इथे थोडा वेळ थांबू, कारण आपल्यातल्या अनेक तरुणांची खरी अडचण इथेच आहे. ‘मुश्तरका’चे मूळ अरबीतले ‘श-र-क’ हे धातुरूप. त्यातूनच ‘शरीक’, ‘शिरकत’, ‘इश्तिराक’ हे शब्द आले, आणि त्यातूनच ‘शिर्क’ही आला. एकाच धातूचे दोन शब्द. एक इस्लाममधला सर्वांत मोठा गुन्हा, दुसरा रोजच्या व्यवहारातली साधी भागीदारी. अल्लाहच्या जागी कोणाला भागीदार करणे हा शिर्क. शेजाऱ्याबरोबर विहिरीत, बाजारात, गावाच्या यात्रेत, देशात भागीदार असणे हा इश्तिराक. पहिला टाळायचा म्हणून दुसरा सोडायचा नसतो.

दर्ग्यावर जाणे योग्य की अयोग्य, यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत. आजी उरुसाला जाते, नातू तिला बिदअत म्हणून टोकतो. हा वाद आपला आपण, अदबीने, घरात करू. पण मढीच्या जत्रेत बांगड्या विकणाऱ्या बाईचे पोट या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. ज्याला दर्गा मान्य नाही त्यालाही तिच्या हक्कासाठी उभे राहता येते, राहायला हवे. संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्माच्या कारणावरून नागरिकाला ज्या ठिकाणी अडवता येणार नाही अशांची यादी आहे. दुकाने आणि उपाहारगृहे तिच्यात आहेतच. शिवाय सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागाही आहेत. विहिरीचा उल्लेख तिथे उगाच आलेला नाही. महाडच्या तळ्यावर ज्यांनी पाण्यासाठी सत्याग्रह केला, ते बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. सामाईक पाण्यापासून अडवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. व्यवसायाचे स्वातंत्र्य कलम १९ देते. हे दोन आकडे पाठ करा. ‘सिंक्रेटिक’पेक्षा ग्रामसभेत ते जास्त उपयोगी पडतात.

आता शब्द वापरायचा कसा

काही सूचना. एक, ‘सिंक्रेटिक’ हे विशेषण रीतीला, उत्सवाला, जागेला लावा. माणसाला लावू नका. ‘शिर्डीचा रामनवमी उत्सव सिंक्रेटिक आहे’ हे वाक्य बरोबर. ‘अमुक मुसलमान सिंक्रेटिक आहे म्हणून चांगला’ हे वाक्य इंग्रजीत शुद्ध असले तरी नागरिकशास्त्रात चूक.

दोन, शब्द वाचलात की पुढे विचारा : पाळी कोणाची, किल्ली कोणाकडे, दानपेटीचा हिशेब कोण ठेवतो, दुकाने कोणाला मिळतात? ही माहिती नसेल तर तो लेख फक्त गोड बोलला आहे.

तीन, आपल्या तालुक्यातल्या अशा ठिकाणांची नोंद करा. जुन्या सनदा, गॅझेटियरमधली पाने, उरुसाची जुनी हस्तपत्रके, संदलचा मान कोणत्या घराकडे आणि पालखीचा कोणाकडे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. हिंदू शेजाऱ्यांकडच्या आठवणीही त्यात हव्यात, कारण उद्या साक्ष त्यांचीच जास्त मोलाची ठरेल. मोबाइल तुमच्या हातात आहे. एका रविवारी एक म्हातारा माणूस ऐकून घ्या.

चार, ग्रामसभेला जा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. ठराव झाल्यावर निवेदन देण्यापेक्षा ठरावाच्या वेळी समोर बसलेले असणे जास्त मोलाचे.

पाच, आपल्या ताब्यातल्या दर्ग्यांचा, मशिदींचा हिशेब दरवर्षी फलकावर लावण्याचा आग्रह धरा. सामाईक विहिरीचा गाळ काढायची पाळी आपलीही असते.

किल्ल्यातला कैदी

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच भिंतींच्या आत मौलाना आझाद पहाटे उठून चहा करून घ्यायचे आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या दोस्ताला पत्रे लिहायचे, जी तेव्हा पाठवता येत नव्हती. त्यांचे पुस्तक झाले, ‘गुबार-ए-खातिर’, १९४६ मध्ये. त्यात चहा आहे, चिमण्या आहेत, संगीत आहे, आणि अरबी, फारसी, उर्दूची अफाट दौलत आहे.

या कैदेच्या दोन वर्षे आधी, मार्च १९४० मध्ये, रामगडच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून आझाद जे बोलले ते प्रत्येक तरुणाने वाचायला हवे. इस्लामच्या तेराशे वर्षांच्या वारशाचा लहानसा भागही सोडायला आपण तयार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच भाषणात आपण हिंदी आहोत, या देशाच्या अविभाज्य एकतेचे घटक आहोत, याचाही तितकाच अभिमान सांगितला. अकराशे वर्षांच्या सामाईक जगण्याने इथे जे घडले ते आता कोणाला वेगळे करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्वतःला अर्धा मुसलमान आणि अर्धा हिंदी म्हटले नाही. एका वाक्यात पूर्ण, दुसऱ्या वाक्यातही पूर्ण. आपल्या मराठीतल्या ‘मी’सारखे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. पुढच्या वेळी अभ्यासिकेत गेलो तेव्हा दिले. शब्द चुकलेला नाही, पण अपुरा आहे. ठराव मात्र चुकलेला आहे. तिने वही उघडली, ‘समन्वयवादी’वर काट मारली आणि त्याच्या शेजारी ‘सामाईक’ लिहिले. मग थोडे थांबून कंसात लिहिले, ‘कलम १५’.